जेगिंग, काष्टा आणि मरून कळी

आवाज आधी आला. चर्रर्र. मी जमिनीपासून साधारण तीस फुटांवर, कातळाच्या एका कोपऱ्यात, डावा पाय या भिंतीवर, उजवा त्या भिंतीवर, मधे पोकळी, आणि आता उजवा पाय अजून वीतभर वर टाकायचा होता, तो टाकला आणि चर्रर्र. खालून बिले देणारा, म्हणजे माझा दोर सांभाळणारा, मित्र ओरडला, "काय गं, दगड सुटला का?" बाकीचे दोघंतिघं हेल्मेट सावरत भिंतीला चिकटले पण. आता काय सांगणार. म्हटलं, "दगड नाही रे, पँट." दोन सेकंद शांतता आणि मग असले हसले सगळे की मला वाटलं हा हसता हसता दोर सोडतोय का काय.

हे गेल्या डिसेंबरातलं. लोणावळ्याच्या बाजूला एक सरावाचा कातळ आहे, क्लबचे लोक नवशिक्यांना तिथे नेतात, माझं बाहेरचं ते दुसरंच क्लाइंबिंग, त्याआधी तीनेक महिने नुसती आर्टिफिशियल वॉल, शनिवार-रविवार. वॉलवर मी लेगिंग घालून जायचे, काही प्रॉब्लेम नव्हता. पण बाहेर खरा दगड म्हणून वाटलं जरा जाड काहीतरी हवं, कपाटात जेगिंग होती, म्हणजे जीन्ससारखी दिसणारी लेगिंग, टॅगवर स्ट्रेच लिहिलेलं, ती घालून ऑफिसात आठ तास बसते, ॲक्टिव्हावर टांग टाकते, कधी कुरकूर नाही. मग अजून काय बघायचं असतं पँटमधे? असं मला तेव्हा वाटायचं.

उरलेला दिवस कसा काढला विचारू नका. मैत्रिणीचं जॅकेट कमरेला बांधलं, पण वर हार्नेस, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बांधायचे ते पट्टे ज्यांना दोर बांधतात, आला की ते जॅकेट आत घ्यायचं का बाहेर? आत घेतलं तर कमरेशी बोळा होतो आणि पट्टा नीट आवळत नाही, बाहेर बांधलं तर पुढचा बिले लूप, म्हणजे हार्नेसची पुढची कापडी कडी, आणि दोराची गाठ झाकली जाते. शिकवणाऱ्या सरांनी लांबूनच बघितलं आणि खेकसले, "ते आधी काढ, गाठ दिसली पाहिजे." बरोबर होतं त्यांचं. मग मी बाकीचा वेळ बिले द्यायचं काम आनंदाने घेतलं, कारण बिले देणाऱ्याचं तोंड कातळाकडे असतं आणि माझ्या पाठीमागे फक्त करवंदाच्या जाळ्या होत्या, त्यांची काही हरकत नव्हती.

सोमवारी संध्याकाळी जेगिंग पिशवीत घालून आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांकडे. मला वाटलेलं दोन टाके घालतील आणि विषय संपेल. काकांनी पँट उलटी केली, चष्मा कपाळावर घेतला, आणि म्हणाले, "ताई, हे फाटलं नाहीये, उसवलंय." मी म्हटलं त्यात काय फरक. तर म्हणाले बघा, कापड साबूत आहे, एक धागा निघाला नाहीये कापडाचा, गेलाय तो शिलाईचा दोरा. कापड ताणतं हो, पण साध्या शिलाईचा दोरा ताणत नाही, कापड लांब झालं की दोरा तुटणारच. आणि तुटला कुठे, तर बरोबर तिथे जिथे चार शिवणी एकत्र येतात, दोन पायांच्या आतल्या शिवणी, एक पुढून आलेली, एक मागून. "सगळा ताण या एका ठिपक्यावर," असं म्हणून त्यांनी तिथे खडूने फुली मारली. मग विचारलं, "तुम्ही नक्की करत काय होतात?" मी दुकानातच पाय टाकून दाखवला, एक स्टुलावर, एक जमिनीवर, गुडघा बाहेर. काका एवढंच म्हणाले, "अशा कामाला पँट नाही चालत, लेंगा लागतो. लेंग्याला कळी असते."

तर कळी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेंग्याच्या किंवा सलवारीच्या दोन पायांच्या मधे जो चौकोनी, शंकरपाळ्यासारखा तुकडा लावतात तो. काका तो उरेब कापतात, म्हणजे कापड तिरकं धरून, कारण तिरकं कापड न ताणणारं असलं तरी थोडं देतं. कळी लावली की चार शिवणी एका जागी भेटतच नाहीत, त्या तुकड्याच्या चार कोपऱ्यांवर विखुरतात, आणि पाय वर गेला की ओढलं जातं ते कापड, शिवण नाही. आणि दुसरा फायदा, जो मला नंतर एका मित्राने सांगितला, जरा लाजत, की हार्नेसच्या पायातल्या पट्ट्या जांघेत बसतात आणि वजन आलं की तिथली जाड शिवण कुठे रुतते ते पुरुषांना विचार. मी विचारलं नाही, त्यानेच सांगितलं. कळी असली की ती जाड गाठ तिथून सरकते.

हे ऐकल्यावर मला आजी आठवली. आमची आजी शेवटपर्यंत नऊवारीतच, काष्टा घातलेला, आणि त्या काष्ट्यात ती भातलावणी करायची, माळ्यावर शिडीशिवाय चढायची, फळीवर एक पाय आणि कणगीवर दुसरा. जांघेत शिवणच नाही तर उसवणार काय! धोतराचंही तेच. म्हणजे हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सुटलेला होता आणि मग आपण जीन्स घालायला लागलो. हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली, रायगडाचे दरवाजे बंद, घरी तान्हं बाळ, आणि ती कडा उतरून गेली. आता मला ती गोष्ट आठवली की पहिला विचार काष्ट्याचाच येतो, काय करणार.

गंमत म्हणजे तिकडे अमेरिकेत क्लाइंबर लोक फिरून फिरून याच जागी आले. योसेमिटीत सत्तरच्या दशकात लोक रंगाऱ्यांच्या पांढऱ्या पँट घालून चढायचे, ढगळ, स्वस्त, उन्हात कमी तापणाऱ्या. मग १९८२ साली माइक ग्रॅहम नावाच्या तिथल्याच एका क्लाइंबरने ग्रामिची नावाचा ब्रँड काढला, त्यांच्या पँटची खासियत दोनच, मधे कळी आणि कमरेला पट्टीचा बेल्ट जो एका हाताने आवळता येतो, कारण दुसरा हात कातळावर. मग त्याच दशकात लायक्राचं वेड आलं, जुने फोटो बघितले तर सगळे भडक रंगाच्या चुडीदारमधे असल्यासारखे दिसतात. आज बहुतेक क्लाइंबिंग पँटमधे कळी असतेच, त्याला गसेट म्हणतात आणि टॅगवर मोठ्या अक्षरात छापून भाव लावतात. हे मी काकांना सांगितलं. काका म्हणाले, "मग मी पण लावतो भाव."

नवीन पँट घ्यायला गेले तेव्हा मात्र मी शहाणी झाले होते. ट्रायल रूममधे लोक आरशात बघतात, मी आता आरशाकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी तिथलं ते बसायचं स्टूल असतं ना, त्यावर एक पाय, गुडघा छातीला लागेपर्यंत पुढे वाकायचं. मग बेडकासारखं बसायचं, टाचा जमिनीला, गुडघे बाहेर, कारण भिंतीला कंबर चिकटवून चढताना पाय असेच असतात. मग पुढून बघायचं की मांडीवर कापड अडतंय का, बऱ्याचदा जांघेत जागा असते पण मांडीवर कापड घट्ट असतं आणि पाय वर न्यायला दरवेळी चिमटीत धरून कापड वर ओढावं लागतं. दगडावर ती चिमूट करायला हात कुठून आणणार? आणि मागे हात लावून बघायचं की कमरेचा पट्टा खाली सरकला का. लटक कमी असली, म्हणजे लो-वेस्ट, की वाकल्यावर मागून हवा लागते, आणि मग हार्नेसचा पट्टा थेट कातडीवर घासतो. एकदा ट्रायल रूममधे मी जरा जास्तच धडपड केली असावी, बाहेरून मुलीने दार वाजवलं, "मॅम, सगळं ठीक आहे ना?" आता तर मी हार्नेस बॅगेतच घेऊन जाते, ट्रायल रूममधे चढवून बघते. त्या मुलीला आता सवय झालीय.

हार्नेस का, सांगते. पँट नुसती छान असते, वर हार्नेस आला की तिचे खरे गुण कळतात. हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, बऱ्यापैकी आवळून बसतो. त्याच्या खाली जर चामड्याच्या बेल्टचं बक्कल असेल, जीन्सचं ते तांब्याचं बटण असेल, मागे जाड लेबल असेल, तर दोरावर लटकल्यावर ते सगळं पोटात आणि पाठीत छापलं जातं. आमच्यातला एकजण वानरलिंगीच्या सुळक्यावरून रॅपल करून, म्हणजे दोरावरून उतरून, आला तेव्हा त्याच्या बेंबीखाली बटणावरची अक्षरं उलटी उमटलेली, दोन दिवस वाचता येत होती. म्हणून कमरेला सपाट काहीतरी हवं. रुंद इलॅस्टिक चांगलं, नेफ्यात घातलेली चपटी नाडी उत्तम, गोल नाडीची मोठी गाठ नको. बेल्ट घालायचाच तर कापडी पट्टीचा, पातळ बक्कलचा.

आणि खिसे. साइडचे नेहमीचे खिसे हार्नेसच्या पट्ट्यांखाली दबतात, हातच जात नाही आत, आणि चुकून किल्ली राहिली आत तर ती मांडीत घुसते. ॲक्टिव्हाची किल्ली खिशात ठेवून मी एकदा वॉलवर पडले होते, दोराने झेललं पण किल्लीने नाही झेललं, निळा डाग पंधरा दिवस. त्यामुळे मांडीवर बाजूला, चेनवाला एक खिसा असला की बास. बायकांच्या पँटला तोही नसतो हा वेगळाच राग आहे, मी म्हणून दोन पँट पुरुषांच्या सेक्शनमधून घेतल्यात, लांबी कमी करून घेतली.

कापडाबद्दल लोक फार बोलतात, मी थोडंच बोलते. जीन्स नको, हे मी आता इतक्यांदा बोललेय की घरचे चिडवतात. साधी बारा औंसाची डेनिम म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास, ट्रेकिंगची नायलॉन पँट साधारण १५० मधे येते, आणि डेनिम घामाने भिजली की मांडीला चिकटते, वाळत नाही, गुडघ्यावर ओढते. तलम लेगिंग वॉलवर ठीक, बेसाल्टवर, म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या दगडावर, नाही, एकदा घासलं की जाळी पडते आणि मग ती जाळी रोज वाढते. मधलं जे आहे ते चालतं. एक, नायलॉनमधे थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, चारी बाजूंनी ताणणारं, हलकं, पटकन वाळणारं. दुसरं, जाडसर कॉटन, त्यात दोन-चार टक्के इलॅस्टेन, हे जास्त घासणं सहन करतं, अंगाला बरं वाटतं, पण भिजलं की जड. चिमणी असेल, म्हणजे पाठ एका भिंतीला आणि पाय समोरच्या भिंतीला लावून सरकत जायचं, तर मी कॉटन घेते, कारण तिथे पँटचा बसायचा भाग किसणीवर धरल्यासारखा घासला जातो. बाकी वेळेला नायलॉन.

नायलॉनचा एक दोष, आग. शेकोटीची एक ठिणगी आली की बरोबर मसूराएवढं भोक, कडा कडक झालेल्या. कॉटनला बऱ्याचदा नुसता काळा डाग पडतो. रॅपल करताना पण, खालचा हात कमरेपाशी असतो आणि दोर मांडीला घासत जातो, जोरात उतरलं तर नायलॉनची पँट तिथे चकाकायला लागते, इस्त्री जास्त झाल्यावर चकाकते तशी. सरांनी आम्हाला एकदा जुनी पद्धत दाखवली होती, नुसता दोर अंगाभोवती घेऊन उतरायची, दोर दोन पायांमधून मागे, मांडीवरून पुढे, छातीवरून खांद्यावर. पंधरा फूट उतरलो फक्त. तेवढ्यात कळलं जुने लोक जाड पँट का घालायचे.

आता मुद्द्याचं, ज्याच्याबद्दल तिकडच्या कुठल्याच व्हिडिओत कोणी बोलत नाही. कुसळ.

सह्याद्रीत क्लाइंबिंगचा सीझन म्हणजे पाऊस संपला, शेवाळ वाळलं की सुरू, नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. आणि नेमकं तेव्हाच गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, फोटोला फार सुंदर, आणि त्यातलं प्रत्येक कुसळ तुमच्या पँटची वाट बघत असतं. कातळाच्या पायथ्याशी पोचायलाच एक-दीड तास कंबरभर गवतातून. मी एकदा होजियरीची ट्रॅक पँट घालून गेले, काळी, मऊ, आतून लव असलेली, इतकी आरामशीर की वाटलं मिळालं बुवा उत्तर. पायथ्याला पोचले तेव्हा पँटचा रंग बदललेला. गुडघ्यापासून खाली कुसळांची लोकर. आणि कुसळ म्हणजे कसं, त्याला टोक असतं आणि मागे बारीक केस असतात उलटे, त्यामुळे ते आत जातं, बाहेर येत नाही, हललं की अजून आत. चढताना प्रत्येक पाऊल टाकलं की पोटरीत वीसेक सुया. वर होल्ड, म्हणजे दगडातली पकड, शोधू का खाली खाजवू! घरी येऊन मी आणि आई, दोघी गॅलरीत बसून तासभर कुसळं काढत होतो, आईने चिमटा घेतला आणि म्हणाली हे असलं करायला पैसे भरतेस तू. ट्रॅक पँट शेवटी फेकली. धुऊन पण नाही निघत, उलट मशीनमधे सगळ्या कपड्यांना वाटली जातात, बाबांच्या बनियनमधून आठवड्याने एक निघालं.

गुळगुळीत विणीचं, घट्ट नायलॉन असेल तर कुसळं टेकतात पण शिरत नाहीत, हाताने झटकली की निम्मी जातात. आता दुकानात मी कापडावरून नखाची मागची बाजू फिरवून बघते, अडतंय का. अडलं तर कुसळ पण अडणार. याच कारणाने हाफ पँटचा प्रश्नच मिटतो. ऑलिम्पिकमधे क्लाइंबिंग आल्यापासून, म्हणजे २०२१ साली झालेल्या टोकियोपासून, आमच्या वॉलवर पोरं शॉर्ट्समधे यायला लागली, आणि वॉलवर ते बरोबरच आहे, गादी आहे, पंखा आहे. पण तीच पोरं शॉर्ट्स घालून जंगलात आली की करवंद, कुसळ, वर खाजकुयली. तिच्या शेंगांवरची लव लागली की माणूस दोर, हार्नेस, कातळ सगळं विसरतो. मी बघितलंय एकाला, रडायचा बाकी होता, शेवटी गावातल्या मावशींनी शेण आणून चोळलं पायाला. उपयोग झाला का माहीत नाही, पण नंतर तो शॉर्ट्समधे दिसला नाही.

गुडघा. नवीन असताना आपण गुडघा टेकवतो, उंच कट्ट्यावर चढताना टेकवतो तसा. सर खालून ओरडतात, "गुडघा नाही! पाय!" कारण गुडघ्यावर उभं राहता येत नाही, तिथून पुढे काहीच करता येत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या प्रत्येक पँटचा गुडघा पातळ झालाय, तो पँटचा दोष नाही. पण गुडघा वाकलेला असताना कापड ओढू नये म्हणून चांगल्या पँटला गुडघ्यावर चिमट्या असतात, ब्लाऊजला टक्स असतात ना अगदी तसे, त्यामुळे पँट सरळ टांगली तरी गुडघ्यात वाकलेली दिसते. ते असेल तर बघा. नसेल तर थोडी ढगळ घ्या, तेच काम होतं.

आणि मोहरी. टेलरच्या भाषेत पँटचं खालचं तोंड म्हणजे मोहरी, आणि मला हा शब्द फार आवडतो कारण लिंगाण्याच्या सुळक्याला पुण्याच्या बाजूने जायचं तर ज्या गावातून जातात त्याचंही नाव मोहरी. तिथून बोराट्याची नाळ उतरायची, सगळा घसारा, दगडधोंडे, पाऊल टाकलं की चार दगड आपल्या आधी खाली जातात, आणि तिथे जर पँटची मोहरी रुंद असेल तर खडे सरळ बुटात. चढताना तर त्याहून वाईट. आपल्या बेसाल्टवर पाय ठेवायच्या जागा कधीकधी बोटाच्या पेराएवढ्या असतात, पाय टेकेपर्यंत बघावं लागतं, आणि रुंद मोहरी बरोबर तिथेच पडदा टाकते. टाच होल्डवर अडकवताना मधे कापड आलं की टाच घसरते. खाली इलॅस्टिक हवं किंवा नाडी, किंवा सरळ घोट्याच्या वर संपणारी पँट. मी दोन वेळा घडी घालून वर केलं, दोन्ही वेळा अर्ध्या वाटेत एकच पाय सुटला.

बायकांसाठी एक, कारण हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि विचारायला लाज वाटत होती. मोठी चढाई असली की दिवसभर हार्नेस अंगावर असतो. पुरुषांचं सोपं आहे. आपल्याला काय, हार्नेस काढायचा? कड्यावर अरुंद जागेत असताना तर तो काढायचाच नाही. तर बऱ्याच हार्नेसना मागच्या बाजूला पायांचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला जोडणारी इलॅस्टिकची पट्टी असते आणि ती मागून सोडता येते, कमरेचा पट्टा आणि दोर तसाच राहतो, पायांचे पट्टे खाली सरकतात. पण हे तेव्हाच जमतं जेव्हा पँट इलॅस्टिकची असते आणि कमरेच्या पट्ट्याखालून ओढून काढता येते. पुढे चेन आणि बटण असेल तर ते बरोबर हार्नेसच्या पट्ट्याखाली अडकलेलं असतं. घरी एकदा प्रॅक्टिस करा, खरंच, बाथरूममधे हार्नेस घालून. पाणी न पिता दिवस काढण्यापेक्षा बरं. मी पहिल्या दोन ट्रिपला तेच केलं होतं, दुपारी डोकं असं दुखायला लागलं की होल्ड दोन दोन दिसत होते.

रंगाचं मी आधी हसण्यावारी नेलं होतं. पण आपल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात, आणि जुने क्लाइंबर सांगतात काळे, गडद कपडे नकोत, अत्तर-परफ्यूम नको, माश्या गडद गोष्टीवर जास्त धावतात. शिवाय काळा दगड आणि काळी पँट, दुपारी बारानंतर बसून बघा. मी आता राखाडी किंवा मातकट घेते. बदामीला जाणार असाल तर मातकटच, तिथला दगड लाल वालुकाश्म, संध्याकाळी सगळ्यांच्या पँट एकाच रंगाच्या होतात, मग आधीपासून त्या रंगाची घेतलेली काय वाईट. हंपीचा ग्रॅनाइट मात्र कापडाला अजिबात दयामाया दाखवत नाही, तिथे मी नवीन पँट नेतच नाही, जुनी, ठिगळवाली नेते, आणि ठिगळावर अजून ठिगळ घेऊन येते.

हे सगळं वाचून कोणी विचारेल की मग कुठली घेऊ, नाव सांग. नाव नाही सांगत, कारण मी सध्या ज्या दोन जास्त वापरते त्यातली एक ट्रेकिंगची साधी नायलॉन पँट आहे, कळीवाली, पुरुषांच्या सेक्शनमधली, आणि दुसरी काकांनी केलेली. ती आधी ऑफिसची होती. जाड कॉटन, राखाडी, थोडं इलॅस्टेन, लटक चांगली, मोहरी अरुंद, फक्त मधे कळी नव्हती. काकांना म्हटलं लावून द्या. राखाडी कापड मिळेना, त्यांच्याकडे कुणाच्या तरी पंजाबी ड्रेसचं उरलेलं मरून होतं, मी म्हटलं चालेल हो, तिथे कोण बघतंय. त्यांनी उरेब कापलं, आतून इंटरलॉक मारलं, वर दुहेरी शिलाई, आणि मला दुकानात परत एकदा स्टुलावर पाय टाकायला लावला, यावेळी बाजूचे इस्त्रीवाले पण बघायला आले.

पुढच्या रविवारी तोच कातळ, तोच कोपरा. डावा पाय इकडे, उजवा तिकडे, वीतभर वर. काही आवाज नाही. मी वरून ओरडले, "बघ, काही झालं का?" खालून बिलेवाल्याचा आवाज, अगदी गंभीर, "नाही गं. पण मरून आहे." तेव्हापासून ग्रुपमधे माझं नाव तेच पडलंय, दोर कोणाचा असं कोणी विचारलं की "मरूनचा."

आता आमच्यातल्या पाचजणांच्या पँट काकांकडे जाऊन आल्यात. परवा सहावी द्यायला गेले तर काकांनी पिशवी उघडली, हात आत घातला, आणि "अयाया" करून बोट तोंडात. मग म्हणाले, कळीचे दीडशेचे आता दोनशे, आणि तुम्हा डोंगरवाल्यांनी कुसळं वेचून आणायची, नाहीतर वेचणावळ वेगळी.